तोंड धुतल्याशिवाय चहा नाही

आत्याच्या घरात तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नसे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि रोज सकाळी "ई कर" म्हणत दात तपासले. एकोणऐंशीव्या वर्षीही तिचे अठ्ठावीस दात शाबूत. खुब्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कवळी आहे का?" तर म्हणाली, "का, तुम्हाला हवीय?"

ऑपरेशन छान झालं. पण ती गुंगीतून नीट बाहेर येईना, गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं मला बजावलं. तिला चालवत घरी न्यायचं, एवढंच डोक्यात धरून मी स्टुलावर ठाण मांडलं. वेणी घातली, नखं कापली, टाचांना क्रीम चोपडलं. तोंड साफ करायचा ट्रे घेऊन वॉर्डातल्या मावशी दिवसातून दोनदा यायच्या. त्यांना मी परतवायचे.

"झोपलीय हो. आणि नळीनं जेवणाऱ्याचं तोंड काय खराब होणार?"

मावशींचे अजून वीस पलंग बाकी असत. "बरं बाई," म्हणून त्या पुढं जात.

आत्या जागी झाली की बोट ओठांवर आपटायची. पुन्हा पुन्हा.

"पाणी नाही मिळणार, आत्या. किती गं हट्ट!"

ती डोळे वटारायची. मला वाटायचं, चला, राग येतोय म्हणजे सुधारतेय.

पाचव्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. एक्स-रेच्या फोटोत उजवं फुप्फुस पांढरं आलं, न्यूमोनिया. थोरल्या सिस्टरनी टॉर्च मारून तिच्या तोंडात पाहिलं, मग माझ्याकडे. जिभेवर तपकिरी साय, दातांवर चिकट थर.

"किती दिवस धुतलं नाही?"

"ती खातच नव्हती, म्हणून..."

"न खाणाऱ्याचं तोंड जास्त घाण होतं. लाळ सुकते, जंतू वाढतात. गिळता येत नाही, मग तेच श्वासाबरोबर खाली उतरतात."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी पलंगाची उशाकडची बाजू उचलली, ब्रश ओला करून झटकला आणि माझ्या हातात दिला. ब्रश ओठांना लागताच आत्यानं तोंड उघडलं. मोठ्ठं, अगदी शहाण्या मुलीसारखं. पाच दिवस ती पाणी मागतच नव्हती.

मग मी दिवसातून चारदा घासायला लागले. मागचे, आतले, जीभसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." म्हटलं, "आलेय की."

आठव्या दिवशी घासताना तिनं डोळे उघडले. बोट उचललं आणि या वेळी माझ्या ओठांवर टेकवलं. मी ई केलं. सकाळपासून माझे दोन चहा झाले होते, दातांना ब्रश लागला नव्हता. तिनं जेमतेम मान हलवली. नापास.

"आलेच," म्हणून मी बाहेरच्या बेसिनवर गेले. नीट घासले, मागचेसुद्धा. परत आले तेव्हा छातीची घरघर थांबली होती आणि सिस्टर तिच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढत होत्या.