नजरेचा नायटा

औरंगपुऱ्यामागच्या तालमीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गादीच्या कडेनं आयाबाया, रिक्षावाले, वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेले बाप, सगळे माना उंचावून कुस्ती खेळणाऱ्या अपेक्षाच्या मानेकडं बघत होते. परवापर्यंत तिथं बांगडीएवढा लालभडक नायटा होता. आज मान लोण्यासारखी नितळ!

तिला मलम लावणाऱ्या भस्मेमहाराजांनी डबी झोळीत टाकली अन् चिमटा वाजवला. "नायटा नव्हं, नजर हाय ती! बुबुळ गोल, म्हणून डाग गोल!"

"व्हय, व्हय!" गर्दी डोलली. चंद्र गोल, भाकर गोल, रिक्षाचं चाकही गोल. त्यांची आठवण कोणालाच झाली नाही.

"अन् जळणारी हाय याच तालमीतली," महाराज म्हणाले. सगळ्या माना एकदम श्रेयाकडं वळल्या.

श्रेया खाली बघत राहिली. कारण ती खरंच जळत होती. दोघी एकाच दिवशी तालमीत आल्या, एकाच ताटलीत भिजवलेले हरभरे खाल्ले. पण निवड चाचणीत अपेक्षानं तिला चीत केलं अन् जिल्ह्याच्या संघात गेली. तेव्हापासून अपेक्षाचं हसणं टोचे, तिचे नवे बूट टोचत. वस्ताद रामकिसन अपेक्षाच्या पाठीवर शाबासकीची थाप मारत, अन् ती थाप श्रेयाच्या काळजावर पडे. चूल विझते, हे विझत नव्हतं.

महाराजांनी उतारा सांगितला. भगवा पंचा मंतरून दिला. सरावाआधी अन् सरावानंतर साऱ्या पोरींनी त्याच एका पंचानं अंग पुसायचं. तो धुवायचा नाही, धुतला की मंत्र उतरतो. जळणारीनं त्याला शिवायचं नाही, गादीवरही चढायचं नाही.

मग पोरी एकमेकींना पंचा द्यायच्या, अन् श्रेया भिंतीकडं तोंड करून एकटीच बैठका मारायची.

पंधरवडा उलटला अन् नायटे फुलले. कोणाच्या दंडावर, कोणाच्या मांडीवर, अन् अपेक्षाच्या मानेवरून थेट पाठीपर्यंत. महाराजांनी सगळ्या पोरींना उभं केलं. "बघा, वस्ताद! समद्यांच्या अंगावर कडी, अन् ही एकटी कोरी! आणखी काय पुरावा पायजे?"

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "श्रेया, सोमवारपासून येऊ नकोस, बाळ. संघाचा प्रश्न हाय."

तालीम सुटणार म्हणजे श्रेयाचं सगळंच सुटणार होतं. ती रडली नाही. रस्ता ओलांडून त्वचारोगाच्या डॉक्टर कालिंदीबाईंच्या दवाखान्यात गेली. "मॅडम, एक विचारू? आपण कोणावर जळलो, तर त्याला नायटा होतो का?"

डॉक्टर हसणार होत्या. पोरीचा चेहरा पाहून थांबल्या. "मग माझ्या जावेच्या अंगावर तिळाएवढी जागा उरली नसती गं. बस. आधी सांग, त्या पोरी असं काय करतात जे तू करत नाहीस?"

श्रेयानं मान वळवून रस्त्यापलीकडच्या तालमीकडं बघितलं. "पंचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन तालमीत हजर! अपेक्षाच्या पाठीवरची खपली खरवडून त्यांनी काचेवर घेतली, औषधाचा थेंब टाकला, अन् काही वेळानं वस्तादांना वाकून बघायला लावलं.

"मुळ्या दिसतात की ओ," वस्ताद म्हणाले.

"बुरशी आहे. घामावर वाढते. अंगाला अंग घासलं, एकाच फडक्यानं पुसलं, की या अंगावरून त्या अंगावर जाते. श्रेयाला तुम्ही पंचाला शिवू दिलं नाही, गादीवर घेतलं नाही, म्हणून ती वाचली."

"अन् दोन दिवसांत डाग गेला तो?" अपेक्षानं विचारलं.

"महाराज, डबी दाखवा," डॉक्टर कोपऱ्यात बसलेल्या भस्मेमहाराजांना म्हणाल्या.

"अपवित्र हातानं मंत्र बाटतो..."

अपेक्षाची पाठ खाजेनं पेटली होती. तिनं सरळ झोळी ओढली अन् गादीवर पालथी केली. भस्माची पुडी पडली, मग डबी, अन् मागून पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा. मेडिकलमध्ये मिळतात तशा.

डॉक्टरांनी एक उचलून वाचली. "तेज स्टेरॉइड. वरून भस्म, आत हे. यानं लाली अन् खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट मोकाट सुटते, अन् कातडी पातळ होते ती वेगळीच."

महाराज दाराकडं सरकले. वस्तादांनी मनगट धरलं. ती पकड आयुष्यात कोणी सोडवली नव्हती. "बसा, महाराज. पोलीस येईस्तोवर जरा गप्पा मारू." मग श्रेयाकडं वळून ते हळूच म्हणाले, "चुकलो, पोरी. गादीवर ये."

श्रेया गादीवर आली. समोर, गादीच्या कडेला अपेक्षा.

"तू खरंच जळायचीस माझ्यावर?"

"लई."

"अन् आता?"

"आताबी. पण तुला चीत करीन तर गादीवर करीन."

अपेक्षा खुदकन हसली. "महिनाभर थांब. डॉक्टरांनी गादी बंद केलीय माझी."

तालमीत आता ज्याचा टॉवेल त्याचा, सराव संपला की अंघोळ, गादी रोज औषधानं पुसायची, अन् डाग दिसला की लपवायचा नाही. बरा होईपर्यंत बाहेर बसण्यात लाज कसली? मत्सर माणसाच्या मनात असतोच. पण तो भिंतीला ओल आणत नाही, दुधाला नासवत नाही, कोणाच्या कातडीवर कडंही उठवत नाही. म्हणून बाबांनो, अंगावर चट्टा उठला तर शेजारणीचे डोळे तपासू नका. डॉक्टरांना दाखवा, सांगतील तितके दिवस औषध घ्या, अन् आपला पंचा आपणच धुवा.