भिंतीतला एकच पॉइंट

“तुमचा नंबर गेला की!” असं तिनं पेशंटला ठणकावून सांगितलं, आणि मग लक्षात आलं, त्याचा नंबर अजून यायचाच होता. दवाखान्यात नंबर लावताना ती सहसा चुकत नसे. पण आज चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी निघताना धाकट्या भावाच्या टेबलापाशी जळकट वास आला होता.

“तुझं नाकच फार तिखट आहे, ताई,” म्हणून त्यानं विषय उडवून लावला होता.

नोकरी सुटल्यापासून तो घरीच नकाशे काढायची कामं करायचा. कॉम्प्युटर, प्रिंटर, चहाची किटली, सगळं एकाच एक्स्टेंशनवर. वायर पुरेना म्हणून ती दुसऱ्या एक्स्टेंशनला जोडलेली आणि पायात यायला नको म्हणून सतरंजीखालून नेलेली. त्याच खोलीत आईची खाट. पडल्यापासून आईचे पाय गेले होते.

तिनं भावाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी डॉक्टरांना सांगून ती निघालीच.

घरात आई एकटीच होती. लेकीनं आधी भिंतीतलं बटण बंद केलं आणि सतरंजी उचलली. जोडावरचं प्लास्टिक वितळून सतरंजीला चिकटलं होतं. बोटाला चटका बसला.

“आई, तुला वास नाही आला?”

“आला. हाकाही मारल्या.” आई पदर चाळवत म्हणाली, “उठून काय करणार होते?”

तेवढ्यात भाऊ बाहेरून आला. “बंद का केलंस? अर्धा नकाशा गेला माझा!”

तिनं सतरंजीचा काळा डाग त्याच्यापुढे धरला. त्यानं वाकून त्यावरून बोट फिरवलं.

संध्याकाळी दोघं नव्या एक्स्टेंशनसाठी दुकानात गेली. “जाड वायरची, तीन पिनांची घ्या,” दुकानदार म्हणाला. “लागेल तेवढीच लांब. एकीला दुसरी जोडू नका, अंथरुणाखालून नेऊ नका. आणि किटली भिंतीतल्या पॉइंटवरच लावा.”

किटली स्वयंपाकघरात गेली. पण खोलीत पॉइंट एकच, आईच्या उशाशी. नवी वायर टेबलापर्यंत पोचेना.

“माझी खाट सरकवा,” आई म्हणाली.

“अगं, तुझी खिडकी जाईल.”

“जाऊ दे. रस्ता पुष्कळ पाहिला.”

खाट कपाटाकडे सरकली, टेबल खिडकीशी आलं. कॉम्प्युटर सुरू झाला तरी लेकीला चैन पडेना. बसायची, उठायची, प्लगला हात लावून पाहायची. गारच होता.

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. आईनं सवयीनं मान वळवली. समोर कपाटाचं दार होतं.

“कोण रे?”

भावानं काम थांबवून पडदा सारला. “शिंपीणबाई. नवी छत्री घेतलीय, पिवळी.”

“पिवळी? तिला?” आई खुदकन हसली.

भावानं खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

“आणि आता?” आईनं डोळे मिटून विचारलं.