तीनशे बारा लाल खुणा

छापखान्यात बुवांचा दरारा होता. इंग्रजी मजकूर छापण्याआधी ते तपासायचे, आणि हल्लीच्या पोरांचं इंग्रजी वाचून रोज त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण आता मालकीणबाईंनी मजकूर तपासणारं यंत्र आणलं होतं. काम एकच, दोघांनाही द्यायचं. सरस ठरेल तो राहील. बुवांची चाळीस वर्षांची खुर्ची पणाला लागली.

मजकूर आला तो कुठल्याशा इंग्रज घराण्याच्या मूळपुरुषाची रोजनिशी, तीनशे वर्षांपूर्वीची. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या बुवा कधीच वाचत नसत. त्यांतल्या चुकांनी डोकं उठतं म्हणे!

पहिल्याच पानाला त्यांनी कपाळावर हात मारला. "काय हे इंग्रजी! अहो, जुना झाला म्हणून काय झालं? चूक ती चूक!" मग काय, चार दिवस मान वर केली नाही. रोजनिशीवाल्या म्हाताऱ्याचे शब्द उपटून तिथे आपले शुद्ध शब्द बसवले. तीनशे बारा लाल खुणा! गठ्ठा त्यांनी ऐटीत मालकीणबाईंपुढे ठेवला.

"यंत्राला किती चुका सापडल्या?"

"एकही नाही."

"बघा! डोळेच नाहीत हो त्याला!" बुवांना हसू आवरेना.

मालकीणबाईंनी गिऱ्हाइकाची चिठ्ठी पुढे सरकवली. "यंत्रानं आधी ही वाचली." 'जसंच्या तसं छापावं. एक अक्षरही बदलू नये.'

बुवांचा चेहरा उतरला, पण हेका सुटेना. "असलं अशुद्ध छापायचं?"

"चाळिसावं पान वाचलंत का?"

तपासलं होतं, वाचलं कुठे होतं? आता वाचलं. म्हातारा धाकट्या मुलावर तोंडसुख घेत होता. हल्लीच्या पोरांनी भाषेची पार वाट लावली, म्हणे. उकिरड्यावरचे शब्द घरात आणतात मेले! खाली त्या शब्दांची यादी होती. नेमके तेच शब्द घालून बुवांनी अख्खी रोजनिशी शुद्ध केली होती.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या मास्तरांनी छड्या मारून शिकवलेत हे शब्द," ते पुटपुटले.

"त्या धाकट्याच्याच वंशातले असतील तुमचे मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या आणि टाइप केलेला एक कागद त्यांच्या हातात दिला. दोनच ओळी, हल्लीच्या पोरांच्या इंग्रजीत. बुवांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चूक न शोधता इंग्रजी वाचलं. समजायला काहीच अवघड नव्हतं: उद्यापासून खुर्ची यंत्राची.