सतरा नंबर

कलिंगडाची एक काळी बी अंगठ्याच्या नखापाशी चिकटली होती आणि अनंत ती काढत नव्हता. रस वाळून बोटं चिकट झालेली, डोक्यावर जांभळाची सावली, आणि समोर एप्रिलमधलं धरण – पाणी उतरलेलं, काठाची माती तडकून उघडी पडलेली, दिसायला इतकं साधं की कुणी धुणं घेऊन बसावं... सकाळी तिकोना गड चढताना एकदाही धाप लागली नव्हती, आणि इथे नुसतं बसून छाती जड झाली होती. कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्या इंदुताई मघाशीच बजावून गेल्या होत्या, "काठाकाठानं बसा रं. आमी हितलं असून पाण्यात जात न्हाई." मागे शेखर ओरडत होता. शेखर म्हणजे अनंतच्याच चाकणच्या कंपनीतला, मशीन शॉपचा, आणि आठ वर्षं या रविवारच्या ट्रेकचा म्होरक्या. "गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही राव, यंदा मी ऐकून घेणार नाही!" यंदा. गेल्या वर्षी याच पाण्यात अनंतचा दोस्त गणराज बुडाला. त्याचं नाव न घेता त्याच्याविषयी बोलायला हा एक शब्द सगळ्यांना पुरत होता.

गणराजची बायको मिनल दहा पावलांवर एकटी बसली होती. मिनलवहिनीनेच शेखरला फोन करून विचारलं होतं – वर्षश्राद्ध झालं, आता ती जागा एकदा बघू दे. नाही कसं म्हणणार? ट्रेकसाठी तिने नवे बूट घेतले होते आणि एका तळव्यावर दुकानाचा स्टिकर अजून तसाच होता. गड चढताना तिच्या मागे राहून अनंतला तोच दिसत होता, आणि पुढे जायचं धैर्य होत नव्हतं.

ट्रेकचा नियम साधा. बसमध्ये प्रत्येकाला नंबर मिळतो. निघायच्या वेळी शेखर शिट्टी वाजवतो आणि जो तो ओळीने आपला नंबर ओरडतो. आज सकाळी नंबर देताना शेखर सोळाला क्षणभर थांबला आणि एकदम अठरा म्हणाला. पुढे गडाच्या दारात मोजणी झाली तेव्हा सोळा नंबर अनंतचाच होता, आणि तो म्हणून झाल्यावर मध्ये जी तेवढीशी जागा सुटली तिच्यात पुढचा शब्द आपसूक घशाशी आला... ढेकर दाबावी तसा त्याने तो दाबला.

सवय. दुसरं काय! हजेरीला अंगठ्याचं मशीन यायच्या आधी सकाळच्या शिफ्टला सुपरवायझर टोकन नंबर पुकारायचा. गणराज भोसरीच्या खोलीवरून यायचा, आठवड्यातून दोनदा तरी बस चुकवायचा. मग त्याचा नंबर आला की अनंत मान खाली घालून, आवाज थोडा नाकातून काढून "हजर" म्हणायचा, आणि पाच मिनिटांनी गणराज मागच्या दाराने येऊन काहीच न घडल्यासारखा लाइनवर उभा. अनंतला उशीर झाला की गणराज. यात पाप वाटावं असं काही नव्हतंच. दोस्तासाठी एवढंही करायचं नाही तर कंपनीत वर्षानुवर्षं बरोबर राबायचं कशाला?

गेल्या वर्षीही अनंत सोळा होता. गणराज सतरा. सव्वापाचला शिट्टी झाली तेव्हा सगळे पाठमोरे – कुणी टॉवेल पिळतंय, कुणी मोज्यातली माती झटकतंय. सोळा, अनंत म्हणाला. पुढे कुणी बोलेना. गेला असेल झुडपामागे सिगारेट ओढायला, सकाळपासून तोंड पाडून होता, फोन वाजला की कट करत होता... आणि मी म्हणालो, सतरा. थोडं नाकातून. लगेच अठरा, एकोणीस, बावीसपर्यंत सगळे भरले. वीस मिनिटं चालून बसपाशी पोचल्यावर शेखरने पुन्हा मोजलं, तेव्हा सतरा कुणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा वीस जणांनी प्रामाणिकपणे सांगितलं, काठावर तो होता, त्याने नंबर दिला होता. एकविसाव्याने नुसती मान हलवली. त्यावरून ठरलं ते असं, की मोजणीनंतर गणराज एकटाच मागे फिरला आणि पाण्यात उतरला. पण ती वीस मिनिटं – पोहता येणारा माणूस, पायात गोळा आला तर किती वेळ तग धरतो? तेव्हाच सतरा नंबर रिकामा राहिला असता, तर... मोबाइलवर हे शोधायला घेऊन त्याने दोनदा अर्ध्यात बंद केलं होतं.

"भाऊजी, बसू का इथे?"

मिनल समोर उभी होती. तो घाईने सरकला. ती बसली, पाण्याकडे बघत राहिली.

"कुठल्या बाजूला?"

"त्या खडकाच्या पलीकडे."

तिने मान डोलावली. मग खाली बघत म्हणाली, "घरी हे कुणाला बोलले नाही. त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. माझ्या भावाकडे जायचं ठरलं होतं, आणि हे ट्रेकची बॅग भरून तयार. मी म्हणाले, जा, आणि परत येऊच नका."

"वहिनी, एवढं तेवढं कुठल्या घरात होत नाही?"

"मोजणीला होते ना ते? तुमच्यात उभे होते, धडधाकट. आणि मग एकटेच मागे फिरले." तिचा आवाज शांत होता, हेच भयंकर होतं. "म्हणजे ठरवूनच ना, भाऊजी?"

वर्षभर अनंत स्वतःच्या भीतीतच बुडालेला. आपल्या त्या एका शब्दाने हिच्या घरात काय केलं असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली त्याला, अंगभर लाज. सांग आता. तो मी होतो – एवढंच तर म्हणायचंय. ही सुटेल. मोजणीच्या वेळी तो पाण्यातच होता वहिनी, कदाचित हात मारत होता, घरी यायला धडपडत होता... आणि मग ही काय विचारेल? त्या वीस मिनिटांचं विचारेल. सगळ्यांच्या देखत विचारेल.

"तुम्ही शेजारीच होतात," ती म्हणाली. "नंबर म्हणताना रागात होते का?"

"छे. हसत होता."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. तिला बरं वाटावं म्हणूनच निघालं असावं. किंवा नेहमीसारखं, मध्ये जागा रिकामी राहू नये म्हणून.

"हसत?" तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं हिचा चेहरा सैल पडेल, पण तो आक्रसला. "हसत हसत नंबर दिला... आणि तरी गेले."

नाही, नाही, वहिनी – पण हेसुद्धा आतच राहिलं. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या, शेखर कुणावर तरी खेकसत होता. मिनलने डोळे पुसले आणि अगदी हळू, काही खायला मागावं इतक्या संकोचाने म्हणाली, "एकदा म्हणून दाखवाल? कसं म्हणाले ते. शेवटचा आवाज तुम्हीच ऐकलात."

तिने डोळे मिटले. अनंत गणराजचा आवाज आठवू लागला. कँटीनमधला, बसमधला, शिव्या देतानाचा... पण आठवावा तो आवाज त्याचा स्वतःचाच निघत होता, थोडा नाकातून. वर्षभर एकच धास्ती होती, हिला कळेल. आता ओठ उघडताना त्याला वेगळीच भीती वाटली. मी म्हणेन, आणि हिला तो गणराजच वाटेल.