फळीवरचा पाव्हणा

काळी माती फुगते, आकसते आणि फरशीला भेगा पाडते. त्या भेगांतून रेडॉन नावाचा वायू घरात येतो आणि बंद खोलीत साचतो. त्याला वास नसतो. फुप्फुसांना मात्र तो घातक.

अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वर्षालीनं तो मोजायची डबी नांदगाव खंडेश्वरला काकूंच्या खोलीत फळीवर तीन महिने ठेवली. शेजारच्या तशाच घरात ठेवलेल्या दुसऱ्या डबीत आकडा भरपूर आला. काकूंकडे जवळजवळ काहीच नाही. वर्षालीला ते पटेना, कारण काकूंच्या खिडक्या धुळीपायी वर्षभर बंद असत.

"काकू, खिडक्या उघडल्या होत्या का?"

"मंग! तुया कॉलेजातला पाव्हणा तो," पार्बताबाई फणकारल्या. "त्याले कोंडून ठेवतो काय?"

"आन् एरवी?"

"एरवी काय, आमीच तं असतो."

वर्षालीनं सिमेंट कालवून भेगा बुजवल्या. वायूची नोंद टिपणारी फिल्म तिनं तपासणीसाठी आधीच काढून नेली होती; आता रिकामी डबी पुन्हा फळीवर ठेवली.

"काकू, हा पाव्हणा आता इथंच राहणार."

पार्बताबाई कुरकुरत उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.