पिनियनचं नाक

दाजींचा उंच ट्रक वर्कशॉपच्या आवारात शिरला तेव्हा भिंतीवर टांगलेले पाने खुळखुळले, इतका तो थरथरत होता. धाकटीने ट्रकच्या आधी माणूस ओळखला. तिच्या हातातलं फडकं पिळलं गेलं.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धाकटी आणि दाजी दोघं पूर्वी बाबांच्या गॅरेजात बरोबरीने काम करायची. एकदा दाजींनी घाईघाईत मारलेलं एका गाडीचं वेल्डिंग उतारावर तुटलं आणि गिऱ्हाइकाचा पाय मोडला. दाजी बाबांना बेधडक म्हणाले, "काम धाकटीचं होतं." जावयाचा शब्द पडला! बाबांनी लेकीला काही विचारलंसुद्धा नाही, सरळ घरी बसवलं. ती रडली, भांडली, शेवटी या परक्या वर्कशॉपात येऊन राबू लागली. पण मनातला निखारा विझला नव्हता.

"मेव्हणीबाई, मागचं विसर आता," दाजी दात काढत म्हणाले. "दुपारी डोंगरावर शर्यत आहे. ट्रक उंच केल्यापासून वेग घेतला की नुसता थडथडतो. तुझ्याशिवाय हे कोणाला जमायचं नाही."

ती ट्रकखाली सरपटली. उंचीसाठी नव्या स्प्रिंगा घातल्या होत्या, पण त्यांनी बिघडलेला मागच्या एक्सलचा कोन तसाच राहिला होता. पिनियनचं नाक, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट जिथे एक्सलला जोडला जातो तो भाग, जमिनीकडे झुकलं होतं. त्यामुळे शाफ्टचे दोन्ही सांधे सासू-सुनेसारखे एकमेकांशी भांडत फिरत होते. स्प्रिंगांच्या बैठका एक्सलवरून कापायच्या, एक्सल जरासा फिरवायचा आणि बैठका पुन्हा वेल्ड करायच्या, एवढंच काम.

"करते," ती म्हणाली.

तिने ट्रक लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवला, मागची चाकं काढली आणि ग्राइंडर चालवला. दोन्ही बैठका कापून झाल्या. एक्सल निखळलेल्या खांद्यासारखा लोंबकळला. मग तिने ग्राइंडर बंद केला आणि हातमोजे काढले.

"आता बाबांना फोन लावा, दाजी."

"कशाला?"

"ते वेल्डिंग कोणी केलं होतं, ते सांगायला."

दाजी हसले. ती हसली नाही.

"अगं, शर्यत चुकेल माझी!"

"मग न्या ट्रक. ढकलत न्या."

दाजींनी ऑफिसच्या दाराशी उभ्या मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? फोन लावा."

दाजींनी फोन लावला. आवाज इतका बारीक झाला होता की धाकटीने त्यांना सगळं पुन्हा, मोठ्याने सांगायला लावलं. पलीकडून बाबा म्हणाले, "तिला दे."

"माझे हात तेलाचे आहेत म्हणावं," धाकटी म्हणाली आणि ट्रकखाली गेली.

काम तिने चोख केलं. पिनियनचं नाक वर उचललं, गिअरबॉक्सच्या शाफ्टशी समांतर आणलं, पुन्हा पुन्हा मोजलं. वेल्डिंग थोडं थोडं करत, मध्ये थांबत पुरं केलं.

"पाणी मार ना त्यावर, लवकर थंड होईल!" दाजी ओरडले.

"पाण्याने वेल्ड तडकतो, दाजी. मग परत कोणाचं नाव सांगणार?"

वेल्ड आपोआप थंड होईपर्यंत ती पाय पसरून स्टुलावर बसली. दाजी येरझारा घालत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहताना तिला जो आनंद झाला, तो तिने लपवला नाही.

ट्रक निघाला तो लोण्यातून सुरी फिरावी तसा. पण तोवर डोंगरावरून इतर गाड्या परतत होत्या, जिंकलेल्याच्या टपावर पोरं नाचत होती.

संध्याकाळी बाबा आले. फाटकाशीच थांबले. "चुकलो गं," ते म्हणाले. "उद्यापासून तो गॅरेजात येणार नाही. तू ये."

तिने मान वर केली नाही.

"बघते," ती म्हणाली. "आत्ता काम आहे. थांबायचं तर थांबा."

काम काहीच नव्हतं. आधीच घट्ट असलेला एक नट ती पान्याने आवळत राहिली, आणि बाबा उभे राहिले.