सात नंबरचं दार

पहिला प्रश्न. खोलीत शिरल्यावर सर्वांत आधी काय जाणवलं?

मिस्त्रींनी लिहिलं, 'एवढीच?' मग ते खोडलं आणि लिहिलं, 'जागा नीट वापरली आहे.'

दोन्ही खरं होतं. खोली नऊ फूट बाय अकरा. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला माप विचारावं लागत नाही. दारात उभं राहिलं की ते आपणहून डोळ्यांत येऊन बसतं. नऊ बाय अकरात दोघांचा पलंग, पलंगाखाली चार खण, भिंतीतून खाली उतरणारं टेबल, सरकत्या दाराचं न्हाणीघर, आणि खिडकीत मांडी घालून बसता येईल असा कट्टा. बायको उंबऱ्यातच थांबली होती.

"अहो, मी आत येऊ, की तुम्ही बाहेर येताय?"

"ये. आळीपाळीने फिरू."

ती आली, पलंगावर बसली, खालचा खण पायाने ओढून पाहिला. तो आवाज न करता आला आणि आवाज न करता गेला. बायकोने पुन्हा ओढला. मग पुन्हा. एवढ्या लहान खोलीत दोन माणसांनी बॅगा रिकाम्या केल्या, कपडे लावले, चपला ठेवल्या आणि तरी जमीन दिसत राहिली. मिस्त्रींना मनातून गुदगुल्या झाल्या. अंगठा त्यांनी टेबलाच्या कडेवरून फिरवला. कड मारलेली होती, हाताला लागत नव्हती.

सांगायचं राहिलं. हे हॉटेल अजून उघडलेलं नव्हतं.

जुन्या बाजारपेठेतली तीन मजली इमारत, पूर्वी दोरखंडांच्या व्यापाऱ्याची वखार. तिच्या अठरा खोल्या मिस्त्रींच्या लेकीने आखल्या होत्या. लेक पस्तीस वर्षांची, बापापेक्षा दोन इंच उंच, तरी घरात तिला अजून बारकीच म्हणतात. उद्घाटनाला आठ दिवस होते. त्याआधी एक रात्र, ज्यांनी ज्यांनी इथे काम केलं त्यांच्या घरच्यांना फुकट राहायला बोलावलं होतं. फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही. प्रत्येक खोलीत एक छापील प्रश्नावली, सकाळी नाश्त्याला भरून द्यायची.

"हा पाहुणचार नाही, बाबा, परीक्षा आहे," बारकी फोनवर म्हणाली होती. "मालकीणबाई एकेक कागद स्वतः वाचणार. पुढच्या गल्लीतली इमारत मला द्यायची की मोठ्या कंपनीला, ते उद्या नाश्त्यालाच ठरवणार आहेत. म्हणून खरं काय ते लिहा."

"मी कधी खोटं लिहिलंय?"

"तुम्ही कधी लिहिलंच नाहीये."

दुसरा आणि तिसरा प्रश्न उशांबद्दल होते. ते बायकोने भरले.

चौथा प्रश्न. न्हाणीघर सोयीचं वाटलं का?

या प्रश्नाखालच्या तीन ओळी बराच वेळ कोऱ्या राहिल्या. त्याचं कारण असं.

संध्याकाळी बायको न्हाणीघरात गेली. मिस्त्री खिडकीतल्या कट्ट्यावर पाय पसरून रस्ता बघत होते. समोर कुलपांचं दुकान, शेजारी वह्या बांधणारा, वर कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेली चादर. मजेत होते.

"अहो, दार लावा ना."

मिस्त्रींनी मान वळवली. न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं आणि आत बायको होती, जशी असायला हवी होती तशी, बसलेली.

"मी कुठे उघडलं?"

"मग मी काय बसल्या जागेवरून उघडलं?"

त्यांनी उठून दार ओढलं आणि हात सोडला. दार क्षणभर विचारात पडलं. मग निघालं. घाई नाही, खडखड नाही, लग्नात उशिरा येणाऱ्या मानकऱ्यासारखं संथपणे पूर्ण उघडून थांबलं.

पुन्हा लावलं. पुन्हा आलं. कडी होती, पण नुसती नाजूक, शोभेला. दाराच्या वजनापुढे ती सुटून यायची. तिसऱ्यांदा मिस्त्री दार धरूनच उभे राहिले.

"चाळीस वर्षांच्या संसारात," आतून आवाज आला, "माझ्यासाठी पहिल्यांदा दार धरलंत."

"आटप लवकर."

"आता कशाला आटपू?"

नंतर त्यांनी तिची गोळ्यांची बाटली घेऊन जमिनीवर आडवी ठेवली. बाटली गडगडत खिडकीखाली जाऊन थांबली. म्हणजे इमारत रस्त्याच्या बाजूला कललेली. जुन्या इमारती कलतात, त्यात नवल नाही. नवल वर होतं. सरकत्या दाराचा रूळ त्यांनी कट्ट्यावर चढून निरखला. त्यावरची लाकडी पट्टी जमिनीला अगदी समांतर. जुन्या काळ्यापांढऱ्या फरश्यांची ओळ आणि ती पट्टी, दोन्ही एकमेकींच्या बहिणी. डोळ्याला कुठे म्हणून खुपत नव्हतं. पण जमीन उताराला, तर रूळही उताराला, आणि रुळावर लटकलेलं दार बिचारं उतार दिसला की चालायला लागायचं.

प्रश्नावलीत नसलेला प्रश्न. हे तिला कुणी शिकवलं?

बारकी दहा वर्षांची असताना हट्टाने कामावर यायची. एका जुन्या घरात फळी बसवायची होती. तिने पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मधे आणला आणि लांब जाऊन बघते तर फळी वाकडी. छत एकीकडे, जमीन दुसरीकडे, आणि मधे तिची एकटी खरी फळी, जत्रेत हरवल्यासारखी. रडायला लागली. तेव्हा मिस्त्रींनी पाणसळ तिच्या हातातून काढून घेतली. जुन्या घरात ही खिशात ठेवायची, म्हणाले. डोळ्याला सरळ दिसलं ते सरळ.

फळीसाठी ते बरोबर होतं. फळी जिथे ठेवाल तिथे बसते. दार हलतं. हलणाऱ्या वस्तूला पाणसळच लागते. ही शिकवणीची दुसरी अर्धी बाजू सांगायची त्यांनी पुढे कधीतरी म्हणून ठेवली होती, आणि मग बारकी शिकायला बाहेर गेली, आणि मग ते राहूनच गेलं.

आता काय लिहायचं? खरं लिहावं तर लेकीची पुढची इमारत गेली. खोटं लिहावं तर, छे, हात चालणार नाही. मग त्यांना जे सुचलं ते फक्त सुताराला सुचू शकतं. दोषच राहिला नाही, तर खोटं कसलं?

खिशात चपटी पेन्सिल होती, चाकू होता. पेन्सिल उभी चिरून त्यांनी एक पातळ चोय काढली, घासली, आणि दाराची खालची जीभ जमिनीतल्या ज्या खोबणीतून सरकते तिथे दाबून बसवली.

"काय करताय?" बायको.

"पाचर मारतोय."

"लेकीच्या कामात?"

"लेकीच्या कामाला."

दार आता जिथे सोडाल तिथे उभं राहत होतं, शिकवलेल्या मुलासारखं. मिस्त्रींनी हॉटेलचं पेन घेतलं आणि लिहिलं, 'न्हाणीघराचं दार उत्तम. जिथे सोडावं तिथे थांबतं.' अक्षर न् अक्षर खरं. मग ते झोपले, आणि बायकोचं म्हणणं असं की घोरलेही.

पाचवा ते नववा प्रश्न: 'ठीक.' 'ठीक.' 'हो.' 'ठीक.' 'लागू नाही.'

दहावा प्रश्न कुणीच वाचला नाही, कारण तोवर सकाळ झाली होती.

खाली एकच लांब टेबल, त्याभोवती सगळे पाहुणे. ब्रेड, अंडी, फळं, चहाच्या किटल्या. टोकाला मालकीणबाई. त्यांनी आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत त्या जरा जास्तच वेळ बघत. उजव्या हाताला बारकी, रात्रभर झोप नसल्यासारखी. डाव्या हाताला फिटर, पन्नाशीचा शांत माणूस; अठराही दारं त्याने बसवलेली.

"विषम नंबर रस्त्याच्या बाजूचे," मालकीणबाई कागद चाळत म्हणाल्या. "एक, तीन, पाच. दार आपोआप उघडतं. नऊ, अकरा, तेरा, तेच. पंधरावाले लिहितात, 'मी आत गाणं म्हणत होतो, डोळे उघडले तर समोर सासूबाई.'"

टेबलावर हशा पिकला. बारकी हसली नाही.

"सतरा, तेच. आणि सातवाले म्हणतात, दार उत्तम." त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे आखणी बरोबर आहे. एक दार नीट बसतं, तर बाकीची आठ का नाही? हे बसवणाऱ्याचं काम."

फिटरने उचललेला कप तसाच खाली ठेवला.

"मॅडम, रूळ मी सांगितला तसाच त्यांनी..." बारकी म्हणाली.

"सातमध्ये तुझाच रूळ आहे ना? मग तिथे कसं चालतं?"

बारकी वाकून सातचा कागद वाचू लागली.

"उद्घाटनाला आठ दिवस आहेत. मी दुसरा फिटर बघते."

फिटर कपातला चहा ढवळत राहिला. कामाच्या माणसाला असं बोलणं ऐकायची सवय असते, आणि ती सवय मिस्त्रींच्या ओळखीची होती. दोनदा तीनदा त्यांच्याही वाट्याला आलेलं. बायकोचं कोपर त्यांच्या बरगडीत घुसलं. गरज नव्हती, ते उठतच होते.

"तो कागद जरा इकडे द्या," ते म्हणाले.

सगळं टेबल बघत असताना त्यांनी चौथ्या प्रश्नाचं उत्तर खोडलं आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने बोलत लिहिलं. "सातचं दारही उघडत होतं. मी पाचर मारून थांबवलं. बसवणाऱ्याचा दोष नाही."

"बाबा," बारकी म्हणाली, "काय केलंत?"

"पेन्सिल चिरली."

"अहो बाबा, ही एक खोली नाही, अठरा आहेत. एका दाराला पाचर मारता येते. हॉटेलला कशी मारणार? तुम्ही लिहिलं असतंत तर नऊच्या नऊ सारखे आले असते, मला तिथेच कळलं असतं."

आयुष्यभर त्यांनी एकेक वस्तू केली होती, एका घरासाठी, एकदा. एकच चूक नऊ ठिकाणी छापली जाऊ शकते हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं पाणसळ लावू," फिटर कपाला म्हणाला.

"म्हटलं होतंत," बारकी म्हणाली. "मीच नको म्हटलं. चूक माझी आहे, मॅडम."

"अर्धी माझी," मिस्त्री म्हणाले. "मी तिला अर्धंच शिकवलं."

मालकीणबाईंनी तिघांच्याही डोळ्यांत पाहून घेतलं. "एका फिटरला काढायचं होतं, तर इथे रांग लागली."

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून एक आवाज आला. फिटरची मावशी, खोली क्रमांक आठ, तोंडात केळं. "आमचं दार तर आपणहून बंद होतं. मला वाटलं मुद्दाम केलंय. इतकं सोयीचं. घरी आमच्याकडे कुणी दार लावत नाही."

"आमचंही," सहा म्हणाले.

"आमचंही." बारा.

बारकी उठली आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. मिस्त्री मागून, गुडघे सांभाळत. त्यांच्या मागे फिटर पेटी घेऊन.

सात नंबरमध्ये तीन माणसं म्हणजे गर्दी. बारकी कट्ट्यावर उभी राहिली, फिटर पलंगावर गुडघ्यांवर, मिस्त्री दारात. पट्टी उतरवली, रूळ उघडा पडला.

"मागच्या, सम नंबरच्या खोल्या आरशातल्यासारख्या उलट्या आहेत," ती म्हणाली. "उतार तोच, पण तिथे तो दाराला बंद करतो. इथे उघडतो. रुळाचं रस्त्याकडचं टोक उचलायचं."

"दोन सूत," मिस्त्री म्हणाले. "पाणसळीला येईल. थांबेल."

"थांबवायचं कशाला? चार उचलते. मग मावशींच्या दारासारखं आपणहून बंद होईल."

"आणि डोळ्याला? रूळ तिरका दिसेल."

"पट्टी आहे तिथेच राहील की. पट्टी डोळ्यासाठी, रूळ दारासाठी."

मिस्त्रींनी त्यात खोट शोधली. मनापासून शोधली. रुळाखाली चकत्या घालाव्या लागतील, त्या पट्टीआड जातील. दाराखालची फट सरकताना जराशी बदलेल, पण पेन्सिलच्या टोकाएवढी, कुणाच्या बापाला दिसणार नाही. म्हणजे त्यांनाच दिसेल फक्त. त्यांनी वाकून खोबणीतली चोय चाकूच्या टोकाने काढली आणि खिशात टाकली.

फिटरने चकत्या सारल्या. बारकीने दार उघडून सोडलं. दार आपल्या त्याच संथ चालीने उलटं निघालं आणि टक् करून बंद झालं.

उंबऱ्यात मालकीणबाई येऊन उभ्या होत्या. आत यायला जागा नव्हती.

"संध्याकाळपर्यंत नऊ होतील?"

"चारपर्यंत," फिटर म्हणाला.

"झाली की खाली ये," त्या बारकीला म्हणाल्या. "पुढच्या इमारतीची किल्ली माझ्या टेबलावर आहे. तिथली जमीन कुठे कलते ते आधी बघ, मग कागद काढ." आणि मग मिस्त्रींना, "तुम्ही कशालाही हात लावू नका."

तो हुकूम मिस्त्रींनी पाळला. म्हणजे शिडी धरली. शिडी म्हणजे हॉटेलची वस्तू नव्हे, ती फिटरची होती. एकेका खोलीत शिरायचं, शिडी धरायची, बारकी म्हणेल ती चकती द्यायची. तिसऱ्या खोलीत त्यांनी तिला एक चकती न मागता दिली. तिने ती परत केली.

"ही जाड आहे."

होती खरी. त्यांनी बारीक दिली. सव्वातीनला सतरा नंबरचं दार बंद झालं.

"बारके," शिडी घडी करता करता ते म्हणाले, "ती सातची खोली उद्यापर्यंत रिकामीच आहे का गं?"

"आहे. का?"

"नाही, तुझी आई म्हणत होती. राहू या म्हणून अजून एक दिवस. तिला त्या खिडकीत बसायला फार आवडतं."

आई मागेच होती, हातात सगळ्यांसाठी चहा. "मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "मला तर त्या खिडकीत बसायला मिळालंच नाही. काल संध्याकाळपासून हेच पाय पसरून बसलेत."